दुसऱ्यातून तिसऱ्यात

गेल्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास जयनगरच्या सिग्नलपुढे आईची गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेली नाही. इंजिनचा आवाज चढत राहिला, वेग वाढेना. मी शेजारी बसलो होतो.

गाडी ऑटोमॅटिक, अठरा वर्षांची. आई एकाहत्तरची. तिचा डावा गुडघा क्लच दाबण्याइतका वाकत नाही. नवी ऑटोमॅटिक परवडणारी नव्हती; ही गाडी गेली की तिचे चालवणे संपणार होते. पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, त्यात काही दिसले नाही. तरीही निदान झाले: गिअरबॉक्स गेलाय, गाडी भंगारात द्या. मी टॅक्सीचा विषय काढला.

"रोज कुणाला तरी ओटीपी सांगायला मी काय बँक आहे?" आई म्हणाली.

गिअर असा अडकला की दर वेळी ती त्याची नोंद ठेवू लागली. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. गाडी गार असतानाची एकही नव्हती. नऊ नोंदी अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकनंतरच्या होत्या.

शिवाजीनगरात जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचे काम करणारा एक मेकॅनिक आहे, इथल्याच जुन्या मराठी घरातला, बोलण्यात कानडी मिसळणारा. आमची पाळी येईपर्यंत गाडी गार झाली होती; त्याने गल्लीत एक फेरी मारली. गाडी लोण्यासारखी चालली.

"अक्का, काही नाही. स्वल्प वय झालंय."

"कुणाचं?" आई म्हणाली. "अण्णा, तुम्ही गार गाडी चालवलीत. आता शेजारी बसा."

ती त्याला पस्तीस मिनिटे ट्रॅफिकमधून फिरवत राहिली. मी मागे होतो. चढावर इंजिन ओरडले.

"ऐकलंत?"

"ऐकलं. परत चला. इंजिन बंद करू नका."

गॅरेजसमोर त्याने इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडले आणि गिअर ऑइलची पट्टी बाहेर काढली. तेल फक्त टोकाला होते.

"शक्यच नाही. दर रविवारी मी बघते, भरलेलं असतं," आई म्हणाली.

"इंजिन बंद ठेवून?"

"मग काय चालू ठेवून?"

"या गाडीत चालू ठेवूनच बघायचं, अक्का. बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं. भरल्यासारखं दिसतं."

सरकारी कारखान्यात एकतीस वर्षे इंजिनिअर असलेली आई पट्टीवर वाकली. मग म्हणाली, "सरी, बरोबर आहे. चूक माझी. पण बिघाड मी दाखवला."

"तुम्हीच दाखवलात," तो म्हणाला.

त्याने पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसली. डाग लाल होता, जळका वास नव्हता. गिअरबॉक्स शाबूत होता. रेडिएटरकडे जाणारा तेलाचा रबरी पाइप सांध्यावर पाझरत होता. त्याने पाइप बदलला आणि तेल भरले.

शनिवारी आई एकटीच जयनगरहून सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरी निघाली. वाटेत उड्डाणपुलाच्या चढावर तिने एका कंपनीच्या बसला मागे टाकले, असे तिने पोचल्यावर खालूनच फोनवर दोनदा सांगितले. सव्वाबारा वाजता तिने आमच्या इमारतीच्या तळघरात गाडी लावली.