गॅस चढला

वैशाली नगरात चंपत मेश्राम कुठे राहतात विचारलं, तर दहातले आठ जण ‘माहीत नाही’ म्हणून मान हलवतील. ‘गॅसवाले चंपतजी’ म्हटलं की शाळकरी पोरंही घर दाखवतात. त्यांचा सिलिंडरचा धंदा नाही हो. त्यांनी एकतीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये गॅस सेफ्टीत काढली. भट्टीतल्या त्या गॅसला ना रंग ना वास. माणूस हसत-बोलत असतो आणि बसल्या जागी लवंडतो. पाळी लागली की चंपतजी छातीवर मीटर लटकवून फिरायचे, पण त्यांचा खरा भरवसा माणसाच्या तोंडावर. एकेकाला थांबवून विचारायचे: नाव काय, आज वार कोणता, डोकं जड वाटतं का. वार सांगताना जो अडखळला, त्याला दंडाला धरून भट्टीवरून खाली मोकळ्या हवेत उतरवायचे, मग तो साहेब का असेना. नव्या माणसाला त्यांचा एकच धडा असे: गॅस शोधत बसू नको, माणूस पाहा.

रिटायर झाल्यावर पाहायला माणसं उरली नाहीत, तेव्हा ते गाडी पाहू लागले. तेरा वर्षांची डिझेल गाडी. दर रविवारी बोनेट उघडून इंजिनचा कोपरान् कोपरा कापडानं पुसायचे. त्यांची बायको कांताबाई म्हणायच्या, माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष दिलं असतं तर मी म्हातारी झाले नसते.

धम्मचक्र दिनाला दोघं त्याच गाडीनं नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली. येताना देवरीच्या पुढच्या चढावर गाडीनं दम सोडला. पिकअप गेला, मागे काळा धूर, आणि वेग दिला की शिट्टी. वैशाली नगरातल्या देवानंद मिस्त्रीनं नुसतं ऐकूनच इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला म्हणून सांगितलं. चंपतजींना हे पटेना. उघडून पाहिल्याशिवाय कुणाला मेलं म्हणू नये, असं त्यांचं मत. त्यांनी पाइप काढायला लावला, टर्बोत बोट घालून दांडा हलवून पाहिला. दांडा डगमगला नाही, पातं मोकळं फिरलं, तेलही साचलेलं नव्हतं. मग एकेक रबरी पाइप चाचपत गेले, तर एकाच्या पोटाला नखाएवढी चीर. शिट्टी तिथूनच वाजत होती. नवा पाइप बसला आणि शिट्टी थांबली. चंपतजींना आभाळ ठेंगणं झालं. विहारात येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी ती चीर महिनाभर ऐकवली.

पण पिकअप अर्धाच परतला होता. शिवाय सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पाच मिनिटं चट्‌-चट्‌ आवाज यायचा आणि मग आपोआप बंद व्हायचा. देवानंद म्हणाला, काका, धूर कुठून तरी फुटून राहिला, उघडून पाहू. चंपतजींनी त्याला उडवून लावलं. लोखंड तापलं की फुगतं आणि फट मिटते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. गोष्ट खरी होती, पण अर्धीच, आणि अर्ध्या शहाणपणानंच माणूस बुडतो. टर्बोच्या जोडाजवळ दर रविवारी काळी भुकटी दिसे. रस्त्याची घाण समजून ते ती पुसून टाकत.

याच दिवसांत कांताबाईंचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. दर रविवारी दोघं मोहन नगरला लेकीकडे, पायलकडे, जात आणि तिथे उतरताच त्या म्हणत, मले गॅस झाला. चंपतजी ओवा आणि काळं मीठ देत. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पायलनं तुरीची डाळ बंद केली, कांताबाईंनी बिचारीनं वडेसुद्धा सोडले. सोमवारी घरी तिला बरं वाटायचं. हेही चंपतजींच्या ध्यानात आलं होतं. दोष लेकीच्या तेलकट भाजीचा, असं म्हणून ते हसायचे. त्यांना स्वतःला काही होत नसे, कारण खर्रा थुंकण्यासाठी त्यांच्या बाजूची काच नेहमी खाली असायची.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. कांताबाईंनी काच लावायला सांगितली आणि गरम ब्लोअर सुरू करवला. वाटेत पुलाचं काम निघालेलं, त्यात अर्धा तास गाड्या खोळंबल्या. इंजिन चालूच होतं. चंपतजींचं डोकं ठणकू लागलं, ते त्यांनी थंडीवर ढकललं. कांताबाईंनी विचारलं, पायलचं घर गेलं का मागे? थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मग मांडीवरचा डबा खाली घसरला, तो उचलायला त्यांचा हात गेलाच नाही.

“पायलचे बाबा,” त्या जड जिभेनं म्हणाल्या, “डोक्यात गॅस चढून राहिला.”

गॅस चढला. पाळीवर हे दोन शब्द ऐकले की चंपतजी जिने धडाधडा चढत. आज बाजूला बसून ऐकायला त्यांना इतका वेळ लागला. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, दारं उघडली आणि बायकोला काखेत धरून रस्त्याच्या कडेला आणलं. नाव काय तुझं, वार कोणता, ते ओरडत राहिले. तिला एकही उत्तर देता आलं नाही. मागच्या गाडीवाल्यानं दोघांना दवाखान्यात पोचवलं.

ऑक्सिजन लागला. दोन तासांनी कांताबाईंनी पायलला ओळखलं. जीव वाचला, पण विसरभोळेपणा काही महिने राहील, कदाचित जाणारही नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी देवानंदनं जोड उघडला. गॅस्केट एका बाजूनं जळून गेलेलं, आवाज थांबला तरी तिथून धूर फुटतच होता, आणि त्यातला भट्टीवाला तोच गॅस थेट ब्लोअरच्या तोंडाशी. तो चाचरत म्हणाला, “काका, इथं काजळी दिसली असती तर मले तवाच समजलं असतं. जागा तर चकाचक होती.” चंपतजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर त्यांनी कांताबाईंना विचारलं, हे कधीपासून होत होतं, सांगितलं कावून नाही?

“नागपूरवरून आलो तवापासून सांगून राहिली ना,” ती शांतपणे म्हणाली. “मले गॅस झाला, गॅस झाला म्हणून.”

त्यानंतर गाडी अंगणात झाकूनच आहे. रोज सकाळी चहा देताना चंपतजी तिला समोर बसवून विचारतात, नाव काय, वार कोणता. नाव ती नीट सांगते. काल बुधवार होता. तिनं बराच विचार केला आणि रविवार म्हणाली. चंपतजींचा हात सवयीनं तिच्या दंडाकडे गेला. प्लांटमध्ये असते तर त्यांनी तिला खाली उतरवलं असतं. इथे उतरवायचं कुठे, हे त्यांना कळेना, आणि ते तसाच दंड धरून बसून राहिले.