प्रश्नचिन्हांचा मेल

आई गेली त्या सकाळी धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. तिथं फोन लागत नसे, फक्त ईमेल जायचा. माधवनगरच्या आमच्या घरी माणसं जमत होती. मी आतल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर मराठीत चार ओळी लिहून त्याला पाठवल्या. थोड्या वेळानं उत्तर आलं, "दादा, नुसती प्रश्नचिन्हं दिसत्यात. विषयातबी तेच. काय झालंय?"

इंग्रजीत दोन शब्द लिहिले असते तरी भागलं असतं, पण ते मला सुचलंच नाही. मी मेलच्या सेटिंगमध्ये शिरलो. अक्षरांसाठी कुठलीतरी जुनी पद्धत निवडलेली होती. ती बदलून मी युनिकोड केली, मजकुरासाठी आणि विषयाच्या ओळीसाठीही. तेवढ्यात चुलते दारात आले.

"आवरलं का रं? लोकं थांबल्यात."

"आलो," म्हणालो आणि आधी स्वतःलाच एक मेल पाठवून पाहिला. विषयाच्या जागी 'आई गेली' असं स्वच्छ उमटलं. अक्षरं नीट आली, एवढंच मनात आलं. मग तोच मेल भावाला पाठवला.

"आता वाचता आलं," त्यानं लिहिलं. "तुमी उरका. माझी वाट बघू नका."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि खांदा द्यायला बाहेर गेलो.