दोघी जावा आणि तलावावरची मोटर

आमच्या गावाचा तलाव मोठा. नागभीडला जाणारी डांबरी सडक या काठाला, आणि मासे सापडतात ते खोल पाणी पार पलीकडे, जंगलाला लागून. रस्त्याने वळसा घालून यायचं तर बाजाराची वेळ टळून जाते. म्हणून मच्छीमार संस्थेने कधीतरी एक जुनी मोटरबोट घेतली होती. मागच्या फळीवर टांगलेली, दोरी ओढून सुरू होणारी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी मोटर. पलीकडच्या डोंग्यांमधले, म्हणजे छोट्या होड्यांमधले, मासे गोळा करून सडकेवर आणायचे, एवढंच तिचं काम.

ती चालवणारा माणूस त्या वर्षी मिरची तोडायला तेलंगणात गेला. माझा नवराही त्याच टोळीत होता. बोट बंद म्हणजे मासे विकणाऱ्या आम्हा बायकांच्या टोपल्या रिकाम्या. मी संस्थेच्या अध्यक्षांना म्हटलं, "भाऊ, मी चालवून पाहीन."

"एकटी नाई जायचं," ते म्हणाले. "जावेले संग घे."

अडचण तिथेच होती. थोरल्या जावेशी माझं बोलणं नव्हतं. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा अंगणाच्या वाटणीवरून आमचं जोरात भांडण झालं होतं. तेव्हापासून एकीच्या कोंबड्या दुसरीच्या अंगणात शिरल्या तरच तोंड उघडायचं, तेही कोंबड्यांना शिव्या द्यायला. पण मासे तीही विकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुकाट आली आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसली.

होळीपर्यंत बोट बरी चालली. मग एके दिवशी मासे भरून परतताना ऐन मधोमध मोटर खोकली आणि बंद पडली. मी दोरी ओढत राहिले, तळहाताची सालं निघाली. ऊन डोक्यावर आलं.

"काय झालं वं?" जावेने मागे न बघता विचारलं. किती तरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती.

"पेट्रोल पोहचून नाई राह्यलं वाटते."

तिने बसायची फळी उपसून माझ्या हातात दिली, स्वतः घमेलं घेतलं, आणि आम्ही दोघी पाणी मारत काठाला आलो. तोवर मासे नरम पडले होते. व्यापाऱ्याने एक मासा उचलून कल्ले पाहिले आणि परत टाकला. सगळी पाटी तलावाकाठी पुरावी लागली.

संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, "भंगारात टाकू ते मोटर. टेम्पोवाला तिकडूनच मासे उचलतो म्हणते." टेम्पोवाल्याने तिकडूनच मासे उचलून परस्पर मोठ्या बाजारात नेले की आम्हा बायकांना कोण विचारतो?

"मिरचीवाले वापस येतपर्यंत थांबा, भाऊ," मी म्हटलं. "तोवर मोटर सुधरली नाई तर मीच भंगारात नेऊन देईन."

नागभीडला मोटरसायकली आणि फवारणी पंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. बोटीची मोटर त्याने पहिल्यांदाच पाहिली, पण कार्बोरेटर त्याला सापडला. खालची वाटी उघडली तर आत पिवळा चिकट थर, डिंकासारखा. गेल्या पावसाळ्यात बोट बंद असताना पेट्रोल आत राहून सुकलं होतं, आणि आता तो थर सुटून भोक बुजलं होतं. त्याने सगळं धुतलं, पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकातून हवा मारली. मी पुढे होऊन पाहत होते. माझ्या हातात केसातली पिन बघून तो ओरडलाच, "सुई-पिन नको घालू बाई! भोक मोठं झालं का मोटर बेहिसाब पेट्रोल पिते."

मोटर सुरू झाली, आणि आठवडा गेला नाही तोच पुन्हा बंद पडली. या वेळी मोहाच्या झाडाखाली गोणपाट अंथरून मीच कार्बोरेटर उघडला. धुतला, जोडला. चार दिवस चालली. पुन्हा बंद. मी पुन्हा पाने-पकड काढली तेव्हा मला रडू येत होतं, पण हात थांबवले नाहीत.

जाऊ बाजूला बसून बघत होती. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. कापडावर काळे कण राहिले. ते चिमटीत चोळून ती म्हणाली, "हे रबर आहे. तू वाटी धुऊन राह्यली, पण घाण वरतून येऊन राह्यली नं."

मग तिने टाकीच्या तळचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. थोड्या वेळाने खाली वेगळा थर दिसला. पाणी. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू कोणी कधी बंदच करत नव्हतं, आणि आताचं पेट्रोल ओल लवकर धरतं, हे मिस्त्रीने नंतर सांगितलं. टाकीपासून मोटरीपर्यंतची नळी आणि तिच्या मधला दाबायचा रबरी फुगा आम्ही कापून पाहिला. आतून साल सुटली होती. दर वेळी फुगा दाबला की तीच साल आत जात होती.

नवी नळी आणि फुगा नागपूरहून मागवला. तो येईपर्यंत बोट बांधून ठेवली आणि टाकी धुऊन वाळवली. मग आम्ही नियम केला. पेट्रोल लागेल तेवढंच आणायचं, गाळूनच भरायचं. काम संपलं की काठाशी नळी काढायची आणि मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे वाटीत काही उरत नाही. शेवटी हवेचा स्क्रू बंद.

एकदा गावात लग्न होतं. मला घाई होती. मी चालू मोटर तशीच बंद करून उतरले. जाऊ बोटीतून हललीच नाही.

"बाई, चला नं. एक दिवसानं काय होते?" मी म्हटलं.

"तूच सांगतलं नं भाऊले, मी सुधरवतो म्हणून? काढ नळी."

मी परत चढले. नळी काढून मोटर पुन्हा सुरू केली. ती रिकामी होऊन थांबेपर्यंत आम्ही दोघी शेजारी बसलो. तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे होतं. लग्नात जेवायला आम्ही एकाच पंगतीत बसलो आणि सासूबाई घास हातात धरून आमच्याकडे बघतच राहिल्या.

मिरचीवाले परत आले तेव्हा मोटर चालू होती. जुना चालक हक्काने दोरीला हात घालायला आला. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. जाऊ म्हणाली, "चालव नं भाऊ, आमचं काई नाई. पन पेट्रोल आमी भरू, न नळी आमी काढू." तो हसला. आम्ही हसलो नाही. संस्थेच्या बैठकीत शेवटी ठरलं की पाळीपाळीने चालवायची, देखभाल मात्र आमच्याकडे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. मोटर काढून आम्ही जावेच्या ओसरीत खांबाला उभी बांधली. मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे प्लग काढून आत ऑइलचे थेंब सोडले आणि दोरी हळूच ओढून ते आत पसरवले. टाकी कोरडी करून पालथी ठेवली. मासेमारी पुन्हा सुरू व्हायच्या आधी ड्रममध्ये पाणी भरून मोटरीचं खालचं, पंख्याचं टोक त्यात बुडवलं आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला ती सुरू झाली आणि ड्रममधलं पाणी अंगणभर उडालं.

अंगणाची वाटणी अजून तशीच आहे, चुलीही दोनच आहेत. पण धानावर फवारणी सुरू झाली की लोक बंद पडलेले पंप घेऊन जावेच्या ओसरीवर येतात. खोलायचं काम माझं. जाऊ आधी टाकीचं झाकण उघडून वास घेते. मागच्या वर्षीचं पेट्रोल असलं तर पंप माझ्यापर्यंत येतच नाही. "आधी हे फेकून ये," ती म्हणते, आणि माणसाला उंबऱ्यावरूनच परत पाठवते.