बसून राहिलेलं कोकरू

"हिचा घसा कधी दुखला होता?" डॉक्टरीणबाईंनी कानातून स्टेथोस्कोप काढत विचारलं.

आमची मंगल तेव्हा आठ वर्षांची. ताप आणि सुजलेला गुडघा घेऊन आलेल्या पोरीच्या घशाची चौकशी कशाला, हे मला कळेना. बायको म्हणाली, "तीन आठवडं झालं असतील. मिठाच्या गुळण्या केल्या, ऱ्हायला की."

"तो थांबला नव्हता, आत शिरला होता," बाई म्हणाल्या. "हा रुमॅटिक फीव्हर आहे."

शब्द नवा होता म्हणून बाईंनी समजावून सांगितलं. घशात जंतू होतात, घसा बरा होतो, पण शरीर त्या जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उठतं. आज गुडघा सुजतो, उद्या तो उतरून घोटा धरतो. सांधे पुढं बरे होतात. खरी धास्ती हृदयाच्या झडपांची, म्हणजे व्हॉल्व्हची.

व्हॉल्व्ह हा शब्द मला चांगलाच ओळखीचा होता. मी उद्यमनगरात लेथवर काम करायचो आणि आमच्या शेडमध्ये पाण्याचे पंप तयार व्हायचे. व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती बैठक जराशी खराब झाली की पंप गळतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पंपाची बैठक मी घासून नीट करून देत होतो. पोरीच्या काळजाची कोण घासून देणार?

आणखी एक गोष्ट कबूल करतो. गुडघा सुजला तेव्हा पोरगी पडली असेल समजून मी तालमीतलं तेल लावून तो चांगला रगडला होता. ती किंचाळली तर वर म्हणालो, "दम धर, पैलवानाची लेक हायेस." हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या कुस्तीत मोडलेल्या कानांकडं एकदा बघितलं. त्या दिवसापासून त्या मला पैलवानच म्हणू लागल्या.

मंगलला दोन आठवडे दवाखान्यात ठेवलं. रक्त तपासलं. त्यात ईएसआर नावाची एक तपासणी असते. नळीत रक्त किती भरभर खाली बसतं ते बघतात आणि त्यावरून आत दाह किती आहे ते ठरवतात. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कागदावर उमटलेली रेघ. ती दुखत नाही, हे पोराला आधीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नाही, त्यामुळं छातीला वायरी लावताना मंगलनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला.

घरी सोडताना बाई म्हणाल्या, "हृदयात एक हलका आवाज येतोय. त्याला मर्मर म्हणतात. तो जाईल किंवा राहील. राहिला तर पुढं हिला पळणं, ओझं उचलणं, बाळंतपण, सगळंच जपून करावं लागेल. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, ते अठरा वर्षांची होईपर्यंत चुकवायचं नाही. आणि आता सहा आठवडे बेड रेस्ट. बेड रेस्ट म्हणजे खाटेवरून पाय खाली नाही."

ज्या पोरीला जेवताना एका जागी बसवायला दोन माणसं लागायची, तिला सहा आठवडे झोपवायचं होतं!

पहिले चार दिवस ती तापानं गळाली होती, म्हणून बरे गेले. पाचव्या दिवशी उरलीसुरली कणकण उतरली आणि आमचा ताप चढला. "आबा, आनी किती दिस झोपू वो?" हे दिवसातून पन्नास वेळा. बायको कावून म्हणाली, "तिला कायतरी वाचून दावा. तालमीत बुकं हाईत न्हवं?"

होती की. आमच्या तालमीत मारुतीच्या कोनाड्याशेजारी एक फळी होती, तीवर पैलवानांची आणि पराक्रमी माणसांची चरित्रं. सगळी स्फूर्तिदायक. मी त्यातलं एक निवडून आणलं. एक किडकिडीत, सदा आजारी पोरगा. सगळे त्याला हसतात. तो कुणाला न सांगता रोज पहाटे उठतो, जोर काढतो, बैठका मारतो, आणि शेवटी भलताच मोठा मल्ल होतो. मी कामावरून आलो की खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचायचो. मंगल डोळे मोठे करून ऐकायची आणि मधे "व्हय?" म्हणून विचारायची. पुस्तक संपलं, तर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मी खूश होतो. तालमीत चार जणांना सांगितलंसुद्धा, की आमच्या पोरीला वाचनाचा नाद लागला.

तिसऱ्या आठवड्यात टांग्यातून तपासणीला नेलं. बाईंनी नाडी धरली, घड्याळ बघितलं, पुन्हा धरली. कपाळाला आठी. "नाडी खाली आली होती, ती परत का वाढली? घोटेही दुखतायत म्हणते. भरती करावं लागेल असं दिसतंय."

बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी मंगलला उचलायला गेलो, तर तिच्या फ्रॉकच्या खिशातून भराभरा चिंचोके खाली सांडले. फरशीभर झाले.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

मंगल मोठ्या झोकात म्हणाली, "मोजाय! आई नळावर गेली की मी बैठका काढतो. एक बैठक झाली की एक चिंचोका ह्या खिशातनं त्या खिशात. काल चाळीस झाल्या की!"

ज्यांनी तालीम बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं नव्या पोरांना आकडे चुकू नयेत म्हणून बैठका अशाच चिंचोक्यांवर मोजायला शिकवतात. ते मीच कधीतरी कौतुकानं पोरीला सांगितलं होतं. उशीखालचे चिंचोके आम्ही दोघांनी बघितले होते, खेळत असेल म्हणून सोडून दिले होते.

दवाखान्यात एवढा मोठा आवाज मी आजवर बायकोचा ऐकला नव्हता. "तुमच्या त्या बुकातल्या पैलवानानं माझी लेक मारली असती की वो!" मी मान खाली घालून चिंचोके गोळा करत बसलो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाईंचा राग मात्र मंगलकडं बघून विरघळला. त्यांनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, "तू शूर आहेस गं. पण तुझं हृदय आत्ता कुस्ती खेळून दमलंय. त्याला निजू दे." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भरती नको. पण आजपासून सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. आणि पैलवान, एका जागी बसून राहणाऱ्याची गोष्ट नाही का तुमच्याकडं एखादी?"

त्या संध्याकाळी मी तालमीतली फळी उलथीपालथी केली. एकही नाही. सगळे उठतात, धावतात, घोड्यावर बसतात. गप पडून राहून जिंकलेला एकही मर्द त्या फळीवर नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नबीचाचांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. गावातल्या एका वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडं बांधणीला यायची. माझी कर्मकहाणी ऐकून ते आधी पोट धरून हसले. मग वाचनालयात विचारून आले आणि पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांचा एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "शिवण उसवलीया, पानं सुटी हाईत. बेटीला बघू दे म्हैनाभर, मग मी शिवतो. फकस्त पान हरवू नको, पैलवान."

सुटी पानं ही मोठी सोयीची गोष्ट निघाली. निजलेल्या पोराला जाड पुस्तक छातीवर पेलत नाही, एकेक पान पेलतं. मंगल ती पानं चादरीवर पत्त्यांसारखी मांडायची, क्रम बदलायची, रोज नवी गोष्ट सांगायची. चित्रांखाली शब्द थोडेच होते, काही ठिकाणी नव्हतेच. त्यामुळं मी वाचणारा आणि ती ऐकणारी हे उलटं झालं. ती सांगायची, मी ऐकायचो. तिची आई पोळ्या लाटता लाटता आतून विचारायची, "मग फुडं काय झालं गं?"

आजारी पोरासाठी पुस्तक निवडणाऱ्या आईबापांना माझं सांगणं एवढंच, की ज्या चित्रात बारीकसारीक पुष्कळ आहे ते आणा. एका बाजाराच्या चित्रात आम्ही नऊ दिवस काढले. त्यात कुणाची कोंबडी सुटलीय, कुणाची चप्पल तुटलीय, कोण कुणाला फसवतंय, रोज नवीन सापडायचं. शिकवण देणारी पुस्तकं थोडी लांब ठेवा. पडून राहिलेल्या पोराला आपण काहीतरी चुकलो असं आधीच वाटत असतं. आणि पराक्रमाची चरित्रं वाईट नाहीत हो, पण ती तुम्ही वाचा. दवाखान्याच्या बाकावर चार तास बसायला खरा दम तुम्हालाच लागणार आहे. मी तेच केलं आणि मला त्यांचा उपयोग झाला.

त्या गठ्ठ्यात एका कोकराचं पुस्तक होतं. धनगराच्या कळपातून कोकरू चुकतं, माळावर, ओढ्याकाठी, झुडपात कळप शोधत हिंडतं. आणि शेवटचं पान गायब! मंगल हादरली. "आबा, ते घरला गेलं का न्हाय?" मी चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, असंच आलं होतं, कोरं पान लावून शिवणार.

दोन दिवस ती तीच पानं पुन्हा पुन्हा मांडून बघत होती. मग पाटी मागितली, मग कागद, मग रंगीत खडू. चित्र काढून झाल्यावर मला दाखवलं. मधोमध एका दगडाशेजारी कोकरू बसलेलं, आणि चारी बाजूंनी मेंढ्या, कुत्रा, धनगर त्याच्याकडं धावत येतायत. धनगराचे कान माझ्यासारखे मोडके होते.

"हे पळंना झालं व्हय गं?" मी विचारलं.

"पळून दमलं न्हवं ते. मग एका जागी बसलं. म्हणून सापडलं."

मी उठून परसात गेलो. पैलवान माणूस, पोरीसमोर रडायचं कसं?

चाचांनी ते पान जाड कागदावर चिकटवलं, कडा कापल्या आणि कोऱ्या पानाच्या जागी शिवून टाकलं. वाचनालयाच्या बाईंनी बघितलं, हसल्या आणि पुस्तक पोरांच्या कपाटात ठेवलं.

मंगलनं उरलेले आठवडे पाय खाली न टेकता काढले. माझ्या मूर्खपणापायी सहाचे नऊ झाले होते, पण काढले. मर्मर लगेच गेली नाही. दर तपासणीला बाई कान लावायच्या आणि आम्ही दोघं त्यांच्या चेहऱ्याकडं बघत श्वास धरायचो. वर्ष सरता सरता एक दिवस त्या म्हणाल्या, "आज मला काही ऐकू येत नाही." आम्हाला कळायला जरा वेळच लागला.

इंजेक्शनं मात्र चालू राहिली. परीक्षा असो, लग्न असो, जत्रा असो, एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस. मागल्या महिन्यात शेवटचं झालं. बाई आता पिकल्यात. त्यांनी बराच वेळ छाती तपासली आणि मंगलला म्हणाल्या, "स्वच्छ. पळव आता तुझ्या पैलवानाला." मी त्यांच्या पाया पडलो. त्या नको नको म्हणाल्या, तरी पडलो.

तिथून मंगलनं मला वाचनालयात नेलं. कोकराचं पुस्तक अजून कपाटात होतं. वाचनालयाच्या बाई नव्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे बांधायला टाकायचंय. बाकीची पानं बरी आहेत, शेवटचंच निघायला आलंय. सगळी पोरं तिथंच बोट ठेवून बसतात."

मी पान उघडलं. मोडक्या कानांचा धनगर बोटांच्या डागांनी पार काळा झाला होता. कोकरू तेवढं नीट दिसत होतं.

"द्या, मीच नेतो नबीचाचांकडं," मी म्हणालो आणि पुस्तक काखेत मारलं. मंगल केव्हाच पायऱ्या उतरून रस्त्याला लागली होती. एवढी तालीम केलेला मी, पण मला काही तिला गाठता येईना.