आधी पट्टा बघा

आमच्या मजल्यावरच्या बीपीकाकांकडे रक्तदाब मोजायला गेलं की आधी बोलणी खावी लागत. "धावत आलात ना? मग बसा गप्प! तोंड बंद, पाय जमिनीला, हात टेबलावर." माझी आई खाली पाण्यावरून कुणाशी तरी भांडायची आणि थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. तिला तर ते पंख्याखाली बसवून स्वतः चहा टाकायला निघून जात. आकडा जास्त आला की आईचा चेहरा उतरायचा. काका पट्टा सोडायचे, दंडावर पुन्हा नीट गुंडाळायचे आणि परत मोजायचे. "एका आकड्यावर गोळी घ्यायची नाही, वहिनी. आधी पट्टा बघायचा, मग माणूस." लालबागची आमची चाळ पडून तिथे टॉवर आला, पण हे वाक्य काही बदललं नाही. नव्या वॉचमनलासुद्धा ते महिनाभरात पाठ झालं.

काकांची सगळी नोकरी परळच्या एका इस्पितळात, वॉर्डात गेली. आवाज असा की पेशंट झोपेतून उठून औषध घेत असतील. निवृत्तीनंतर एक सकाळ अशी आली की त्यांच्याच डाव्या पायाने ऐकणं सोडलं. लकव्याचा हलका झटका होता. पाय परत आला, पण अर्धामुर्धा. क्लच दाबणं काही त्याला जमेना. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झाली आता गाडी चालवून. ह्या गृहस्थाने डॉक्टरांची परवानगी मिळवली, जुनी गाडी विकली आणि सेकंडहँड का होईना, ऑटोमॅटिक गाडी आणून खाली उभी केली. "हिला क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला सुट्टी," असं सांगत ते बॉनेटवर थाप मारायचे. "हिचा गिअरबॉक्स म्हणजे माझा डावा पाय, समजलीस?"

मला गाडी शिकवली ती त्यांनीच, रविवारी सकाळी शिवाजी पार्काच्या भोवती. बँकेत नोकरी करणारी चांगली घोडी झालेली बाई मी, पण त्यांच्यापुढे माझी शाळकरी पोर व्हायची. किल्ली लावली आणि गाडी सुरू केली असं चालायचंच नाही. किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं. समोर लाल, पिवळे, सगळे दिवे पेटतात. ही त्यांची हजेरी. सगळे पेटले का ते बघायचं, मग इंजिन चालू करायचं आणि सगळे विझले का ते बघायचं. "जो पेटून विझला तो ठीक. पेटून राहिला, तो काहीतरी सांगतोय. आणि जो पेटलाच नाही तो मुका, त्याला घाबर गो बाय!" मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवून जीव खायचा, तरी आमची हजेरी चालूच.

ही सगळी यातायात कशासाठी, तर गुरुवारसाठी. काकींची थोरली बहीण, माई, फणसवाडीत अंथरुणाला खिळलेली. घरातली माणसंही ती ओळखेनाशी झाली होती. ओळखायची ती फक्त आमच्या काकींना, आणि गुरुवार बरोबर ओळखायची. सकाळपासून दाराकडे तोंड करून पडून राहायची. काकींना टॅक्सीत बसलं की गरगरायचं, उलट्या व्हायच्या. बसची पायरी चढवायची नाही. काका मात्र गाडी अशी चालवायचे की मांडीवरचं ताक हिंदकळू नये. तेव्हा गाडी होती म्हणून गुरुवार होता, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

संक्रांत होऊन गेली होती. त्या गुरुवारी बँकेला सुट्टी, म्हणून मीही तिळगूळ घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. परतताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला आणि गाडीने गिअर बदलणंच सोडून दिलं. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पाय ओढत चाललीय. काकांनी डाव्या बाजूने हळूहळू तिला लालबागपर्यंत आणलं. उतरल्यावर काकींनी आपल्या मालवणीत विचारलं, "पुढच्या गुरुवारी होतला मां जावंक?" काका म्हणाले, "बघूया." काका आणि 'बघूया'! हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

त्यांच्याकडे एक छोटं यंत्र होतं, स्टिअरिंगखाली खोचायचं. ते खोचलं की गाडीची तक्रार मोबाईलवर दिसायची. पी झीरो आठशे अडुसष्ट. "अडुसष्ट म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब कमी. एकोणसत्तर असता तर दाब जास्त," काकांनी मला समजावलं. "ह्या गाडीत तेलाच्या दाबावरच गिअर पडतात. दाब नाही दिसला की गाडी घाबरते आणि एकाच गिअरमध्ये अडून बसते." गॅरेजवाल्याने कोड बघितला आणि म्हणाला, गिअरबॉक्स काढावा लागेल, आणि तेवढा खर्च करण्याइतकी ही गाडी राहिलेली नाही. त्याचंही काही चूक नव्हतं. शंभरातल्या नव्वद जणांना त्याने हेच सांगितलं असतं. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, विकून टाका आता. बरंच झालं, एक काळजी मिटली." फोन ठेवून काका बराच वेळ आपल्या डाव्या पायाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र तोफ पुन्हा सुरू! सकाळी सकाळी माझं दार वाजवलं. "अगं, अडुसष्ट हा आकडा आहे. आकड्यावर मी कधी गोळी दिलीय का कुणाला? दाब कमी आहे असं सांगतंय कोण? पट्टा! मग आधी पट्टा नको बघायला?" गाडीचा पट्टा म्हणजे दाब मोजणारा सेन्सर आणि त्याची वायर. काका परत गॅरेजवाल्याकडे गेले आणि त्याच्या डोक्यावर बसले. तेलाची पट्टी काढून बघितली. तेल पुरेसं होतं, रंग लाल, जळका वास नाही. मग त्यांनी गिअरबॉक्सला वेगळा घड्याळी मीटर लावायला लावला. काटा सरसर वर चढला आणि हवा तिथे जाऊन थांबला. दाब उत्तम होता! "ह्याचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे," काका ओरडले. गॅरेजवाला हसला आणि वायरचा माग काढत खाली वाकला. सेन्सरचं कनेक्टर त्याने उपटलं. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि कडेला अडकलेलं काहीतरी त्याने चिमटीत धरून वर केलं. "काका, ये क्या है? नारियल?"

नारळाच्या शेंडीचा धागा होता तो, आणि त्याला चिकटलेली झेंडूची एक सुकी पाकळी. काकांचा चेहरा असा झाला की मला आधी वाटलं, पुन्हा झटका आला की काय. दसऱ्याला जग गाडीच्या चाकापुढे नारळ फोडतं. ह्यांनी बॉनेट उघडून आत नारळाचं पाणी ओतलं होतं, नेमकं गिअरबॉक्सवर. का, तर तो डावा पाय, पहिलं तीर्थ त्याला! कनेक्टरचं झाकण आधीच तडकलेलं. तीन-चार महिने ते गोड-खारं पाणी आत बसून पिना खात राहिलं, आणि बिचारा सेन्सर दाब कमी, दाब कमी म्हणून बोंबलत राहिला.

दुसरा कुणी असता तर गुपचूप वायर बदलून घेतली असती. काकांनी त्या संध्याकाळी गेटपाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हा पराक्रम स्वतः सांगितला. माझ्या आईने तोंडाला पदर लावला, काकी तर हसून हसून खाली बसल्या. "देवाक घातलेला पाणी अंगाशी इला," म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी गाडी फणसवाडीला गेली. पुढच्या दसऱ्याला काकांनी बॉनेट उघडलं, कोरडं कुंकू लावलं, हात जोडले आणि घट्ट बंद केलं. नारळ रस्त्यावर फोडला, चांगला दहा पावलं लांब.

ह्या वैशाखात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मशीन टेबलावर, पट्टा नीट गुंडाळलेला. तेरावं झालं तरी काकींच्या तोंडून शब्द नाही. पुढ्यात ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. फणसवाडीचं नाव काढलं तरी नुसत्या भिंतीकडे बघत. त्यांचा मुलगा वाईट नाही हो, रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "ताई, आईचं आता सगळंच संपलंय. वय झालं. गाडी विकतो आणि तिला पुण्याला नेतो." मी त्याला एवढंच म्हटलं, "ने रे बाबा, तुझीच आई आहे. पण मला एक गुरुवार दे."

गुरुवारी मी रजा टाकली. काकींचा हात धरून त्यांना खाली आणलं, त्यांच्या नेहमीच्या जागी पुढे बसवलं, पट्टा लावला. त्या बाहुलीसारख्या बसून राहिल्या. मी काकांच्या सीटवर बसले. मला तिथून लवकर निघायचं होतं. म्हणून किल्ली घातली आणि सरळ पूर्ण फिरवायला गेले. तेवढ्यात माझ्या मनगटावर फाटकन एक चापट बसली.

"थांब गो! घाई कित्या? आधी सगळे दिवे पेटतत काय ता बघ. तुझ्या काकांनी काय शिकवलां तुका?"

माझे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. तशीच मी किल्ली मागे आणली, अर्धी फिरवली आणि थांबले. सगळे दिवे पेटले. काकी पुढे वाकून एकेक न्याहाळत होत्या. इंजिन चालू केलं, दिवे विझले. एकच उरला.

"तो लाल कसलो?"

"हँडब्रेक आहे, काकी."

"मगे काढ तो. माई वाट बघता."