बादली, पिशवी की पन्हळ

आमच्या देवळाली प्रवरेच्या मळ्यात उसाशिवाय दुसरं काही येऊ शकतं, यावर घरात फक्त दोघींचा विश्वास होता. एक मी आणि दुसरी माझी धाकटी जाऊ. तिने मोबाईलवर मातीविना शेतीचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की भाकरी थापतानाही ती मुळांना हवा मिळाली पाहिजे असं बोलत असायची. हो-ना करत आमच्या नवऱ्यांनी, दोघा भावांनी, आम्हाला दहा गुंठे दिले. त्यावर शेडनेट उभं राहिलं, पीक काकडीचं ठरलं. अडलं एवढंच, की काकडी लावायची कशात?

जावेने पुण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तीन प्रकार आहेत. बादली, पिशवी आणि लांब पन्हळ. मी नमुने पाठवतो, घरी लावून बघा आणि मग ठरवा."

चार दिवसांत नमुने आले. काळी चौकोनी बादली, तिच्या बाजूला तळाजवळ एक भोक आणि त्यात बसवलेली वाकडी नळी. एक पांढरी पिशवी, उशीएवढी. एक चार हात लांब पन्हळ. आणि मातीऐवजी भरायला नारळाच्या भुशाच्या दाबलेल्या विटा. सगळं ओसरीवर ठेवून आम्ही दोघी रोपं आणायला राहुरीला गेलो.

परत आलो तर एक वीट कमी. खूप शोधली. सासरे खाटेवर पडून आमची धावपळ बघत होते. त्यांना आम्ही मामा म्हणतो. शेवटी तेच म्हणाले, "वीट व्हय? ती म्या खाटंच्या पायाखाली लावली. येक पाय आखूड हाय, कवाधरनं सांगतोय."

ते इतक्या समाधानाने पडले होते, की मी म्हटलं, राहू दे, दुसऱ्या विटा आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी ओसरी धुवायला काढली. मामा खाटेवर चहा पीत बसले होते. मी दोन बादल्या पाणी ओतलं आणि खराटा आणायला मागे गेले. भुशाची ती वीट पाणी प्यायली की फुगते, हे मला ठाऊक होतं. पण खाटेखालची वीट म्हणजे तीच, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

"सूनबाई," मामांनी हाक मारली, "मला गरगरतंय का खाट हालतीय?"

माझे यजमान धावत आले. त्यांनी मामांना साखरपाणी दिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, जीभ बाहेर काढायला लावली. तेवढ्यात खाटेचा कोपरा बोटभर वर गेला, मामा कलंडले आणि मग वीट फुटून खाट धपकन खाली बसली. ओसरीवर पाटीभर तपकिरी भुसा पसरला.

मामांनी तो चिमटीत घेऊन पाहिला. "ह्याच्यात काकडी लावनार तुमी?"

"हो मामा."

"माती न्हाई?"

"माती नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अगदी कीव आल्यासारखं.

गोठ्याशेजारी जुन्या हिरव्या जाळीखाली आम्ही नमुने मांडले. बादलीत एक रोप, पिशवीत दोन, पन्हळीत तीन. खताचं पाणी रोज तांब्याने मापून घालायचं. पिशवी सपाट आणि मऊ, म्हणून जावेला ती आवडली. मला बादली आवडली, कारण बादली मला कळते. पन्हळीची बाजू घेणारं कोणी नव्हतं, म्हणून यजमानांनी घेतली.

पिशवी आठवडाभर छान चालली. मग आमच्या तांबड्या कोंबडीला तिचा शोध लागला. पिशवीवर रोपासाठी पाडलेल्या फटीत तिने उकरून खळगा केला आणि फतकल मारली. हुसकली की दुसऱ्या बाजूने येऊन बसे. तिसऱ्या दिवशी काकडीच्या मुळाशी अंडं निघालं. जाऊ ते हातात घेऊन म्हणाली, "ताई, ह्यात कोंबडीचा दोष नाही. जागाच तशी मऊ आहे." पण त्या दिवसापासून ती पिशवीबद्दल फारसं बोलली नाही.

पन्हळीतल्या तीन रोपांपैकी मधल्याच्या मुळांना कीड लागली. ते उपटायला गेलो तर तिघांची मुळं एकमेकांत अशी गुंतलेली, की तिन्ही रोपं हातात आली. यजमान म्हणाले, "एकत्र कुटुंब आहे ते," आणि गुपचूप म्हशीकडे निघून गेले.

राहिली बादली. जास्तीचं पाणी त्या वाकड्या नळीतून मागच्या डब्यात पडायला हवं होतं. डबा रोज कोरडा. जाऊ कौतुकाने म्हणायची, "बघा ताई, एक थेंब सोडत नाही. किती पितंय रोप." मीही खूश होऊन अर्धा तांब्या जास्त घालू लागले. आठ दिवसांनी पानं पिवळी पडली आणि पाणी भुशाच्या वर येऊन तरंगायला लागलं.

मी बादली फिरवली. नळीच्या तोंडात चपलेच्या रबराचं बूच ठोकलेलं होतं. नीट तासून, गोल करून, अगदी घट्ट.

मामांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. "बादलीला भोक हुतं. दुकानदारानं फसीवलं तुमाला. म्हनलं पोरींना वाईट वाटंल, म्हून बोललो न्हाई. दिलं बुजवून."

"मामा, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं."

त्यांनी बुचावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "भोकाची बादली इकनारा श्याना, आन भोक बुजवनारा येडा. बरं हाय."

मला हसू येत होतं आणि त्यांचं वाईटही वाटत होतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी एखादी वस्तू त्यांनी एवढी मन लावून दुरुस्त केल्याचं मला आठवत नव्हतं. मी बूच काढलं, पिवळं पडलेलं रोप उपटून दुसरं लावलं, आणि पाणी घालायचं काम त्यांच्याकडेच दिलं. पंधरा दिवसांत वेल जाळीला टेकला. एका बादलीतलं रोप बिघडलं तर शेजारच्याला धक्का लागत नाही, एवढं आम्हाला पुरलं. जावेनेही मान हलवली. बादल्यांची ऑर्डर गेली.

टेम्पो आला तेव्हा सगळ्या बादल्या एकात एक बसवलेल्या होत्या. प्रवासात हादरून त्या अशा रुतल्या होत्या, की निघता निघेनात. मी आणि जाऊ दोन बाजूंनी ओढायला लागलो. बादल्या सुटल्या तेव्हा आम्ही दोघीही मागे पडलो. दिराने साबणाचं पाणी सोडलं, तर हातच निसटायला लागले. दूध न्यायला आलेला माणूस, सोनईहून सहज आलेले पाहुणे, सगळ्यांच्या हाती आम्ही एकेक बादली दिली. पाहुण्यांनी दोन तास बादल्या ओढल्या आणि चहा न घेताच गेले.

शेवटी एक जोडी काही केल्या सुटली नाही. यजमानांनी पाणी निघायला गिरमिटाने दोन्ही बादल्यांना आरपार भोक पाडलं आणि ती तशीच रांगेच्या टोकाला लावून टाकली. काकडी तिलाही आली.