चार काजं

भिंगारच्या बाजारात सत्तारमास्तरांनी शिवलेला कपडा अंगाला असा बसे की माणूस आरशासमोरून हलत नसे. अडचण एवढीच, की कपडा हातात पडेपर्यंत माणसाचं अंगच बदललेलं असे. लग्नासाठी टाकलेली सफारी बारशाला मिळाली, असे तीन नवरदेव तर एकट्या मशिदीच्या गल्लीत होते. शेजारी लष्कराची छावणी, तिथं सगळं घड्याळावर चालायचं. मास्तरांच्या दुकानातही घड्याळ होतं, पण ते बंद होतं. "उद्या या" हे दोन शब्द ते इतक्या मायेनं म्हणत, की गिऱ्हाइकाला चहा पाजल्यासारखं वाटे. फक्त एक काम मास्तर उद्यावर टाकत नसत. मोहल्ल्यात कुणी गेलं की कफन कापायला त्यांनाच बोलावणं येई, आणि ते हातातली शिलाई टाकून उठत.

त्यांची बायको अख्तरी आतल्या खोलीत बटणांची काजं करी. चाळीस वर्षं, हातानं. समोरच्या दुकानात काजाचं मशीन आलं तेव्हा मास्तरांनी जाऊन ते पाहिलं, आणि परत येऊन म्हणाले, "लई घाईत हाय बिचारं." अख्तरीला त्यांनी सगळं शिकवलं, पण कात्रीला हात लावू दिला नाही. "सुई तुझी, कात्री माझी. सुईची चूक उसवता येते."

मुतखड्याच्या संशयानं मास्तरांची सोनोग्राफी झाली. खडा निघाला नाही. पोटातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला मोसंब्याएवढा फुगा निघाला. मुलगा परवेझ दोघांना गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला. डॉक्टरीण निघाली नेवाशाची, सृष्टी नावाची, तिशी-पस्तिशीची.

"मास्तर, जांघेतून आत कापडाची नळी सरकवायची," तिनं कागदावर काढून दाखवलं. "रक्त नळीतून गेलं की फुग्यावरचा ताण जातो. पण तुमचा फुगा वरपर्यंत गेलाय. साधी नळी घातली तर दोन्ही मूत्रपिंडांच्या, आतड्याच्या आणि यकृताच्या वाटा बंद होतील. म्हणून नळीला चार भोकं पाहिजेत, बरोबर तुमच्या मापाची."

"मग घ्या की मापाची शिवून."

"कंपनी शिवून देते. पण तीन महिने लागतात."

अख्तरीनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमच्यापरीस बरी हाय कंपनी," ती म्हणाली.

"तीन महिने थांबायची सोय नाही," डॉक्टर म्हणाली. "मी तयार नळी घेणार, ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर मापानं भोकं पाडणार, कडा शिवणार आणि मग आत घालणार."

मास्तरांचा चेहरा फुग्याच्या बातमीनं पडला नव्हता, तो आता पडला. "रेडीमेड? आन् वरून आल्टर?"

"गप बसा," अख्तरी म्हणाली. "दाखव गं बाई, कसं करतीस."

डॉक्टरनं खणातून शिकवण्यासाठी ठेवलेली एक नळी काढली. अख्तरीनं चष्मा वर सारला आणि ती बोटांवर फिरवली. पांढरं, घट्ट विणीचं कापड. भोकाच्या कडेला बारीक तारेचं कडं, आणि त्याला धरून टाके.

"ही तर काजंच हायेत," ती म्हणाली. "भोक तापवून पाडलंय ना? धागे सुटू नयेत म्हणून?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"नायलॉनला आमीबी उदबत्ती लावतो." मग तिनं नळी उजेडाकडे धरली. "पन ह्या चौथ्याला टाके लांब पडलेत."

"ते माझं शिकतानाचं आहे, चाची." डॉक्टर हसली. "यांचे टाके जवळ घालीन, शब्द देते. आजच ॲडमिट व्हा."

 मास्तरांनी अख्तरीकडे पाहिलं. रमजानचे दिवस, ईद आठवड्यावर आलेली, आणि दुकानात अकरा कुर्ते कापून ठेवलेले. कात्री लागलेलं कापड माघारी जात नाही, हा दुकानाचा नियम. तो उच्चारला अख्तरीनं.

"ईद होऊ दे बाई. नऊ दिवस दे. ह्यांचा जीव त्या कुर्त्यांत अडकंल."

"चाची, फुगा ईद बघत नाही."

पण अख्तरीनं हात जोडले. डॉक्टरनं नाराजीनं ईदनंतरचा सोमवार लिहिला. रोजे बंद, वजन उचलायचं नाही, गोळ्या वेळेवर, आणि पाठीत कळ आली तर क्षणभर थांबायचं नाही, असं तिनं दोनदा बजावलं. परवेझ वाटेत एकदाच म्हणाला, "अम्मी, राहायला पाहिजे होतं." तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग भिंगारनं न पाहिलेला प्रकार पाहिला. मास्तर तारखेला कपडे देऊ लागले. अख्तरीची बोटं सुजली, पण पाचव्या दिवशी अकराव्या कुर्त्याचं शेवटचं काज झालं. मास्तरांनी खुंटीवर तीन वर्षं लटकलेली सूर्यभानची सफारीसुद्धा पुरी केली आणि स्वतः त्याच्या घरी पोचवली. सूर्यभान म्हणजे छावणीतून रिटायर झालेला क्लार्क, मास्तरांना रोज शिव्या देऊन रोज त्यांच्याच बाकावर बसणारा.

काजं संपली होती, तारीख तेवढी राहिली होती.

सहाव्या दिवशी दुपारी मास्तर मशीनवर बसल्या बसल्या म्हणाले, "अख्तरी, पाठीत काहीतरी उसवलं." परवेझनं गाडी काढली. पुण्याच्या वाटेवर, सुप्याच्या अलीकडेच मास्तरांचा हात अख्तरीच्या हातात जड झाला.

घरी आणलं तेव्हा दारात गर्दी होती. सूर्यभान नव्या सफारीतच आलेला. तो अख्तरीसमोर उकिडवा बसला.

"वैनी, सफारी न मागता घरी आली ना, तवाच मी भ्यालो हुतो. म्हनलं, मास्तरला झालंय काय?"

"नऊ दिवस मी मागितले, भाऊ," अख्तरी म्हणाली. "त्यांनी न्हाई. मी."

 सूर्यभान नुसता सफारीच्या बटणाशी चाळा करत राहिला. काज अख्तरीचंच होतं.

कफनाचं कापड आलं. परवेझ म्हणाला, "अम्मी, समोरच्या मास्तरांना बोलावतो कापायला."

"नको. माप मला पाठ हाय."

तिनं दुकानातली मोठी कात्री उचलली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती फार जड होती. कापड अंथरलं, टोकं जुळवली, आणि एका दमात कापत गेली. कुठंही वाकडं गेलं नाही.

मग सवयीनं तिचा हात सुईकडे गेला. तिनं दोरा ओवला, गाठ मारली आणि पांढऱ्या कापडावर ती कड शोधू लागली. कफनाला टाका नसतो, हे तिला जरा उशिरा आठवलं. ओवलेली सुई तिनं तशीच पदराला टोचून ठेवली.